मद्यार्काच्या दोन वाटा

सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे पाठ करावयाच्या समीकरणांची एक न संपणारी यादी, अशी समजूत विद्यार्थिवर्गांत फार रूढ आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असें म्हणवत नाहीं. कारण परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्या शास्त्राकडे पाहिलें असतां तें तसेंच दिसतें. परंतु थोडा निवांत वेळ काढून एखाददुसऱ्या क्रियेच्या अंतरंगांत डोकावून पाहिलें, तर असें आढळून येतें कीं, ज्या शेंकडों क्रिया निरनिराळ्या म्हणून आपण घोकतों त्यांच्या मुळाशीं मोजक्याच युक्त्या आहेत. त्यांपैकीं दोन युक्त्यांची तुलना प्रस्तुत लेखांत करावयाची आहे. पहिल्या युक्तींत रेणूंतील एक घटक निघून जातो व त्याच्या जागीं दुसरा येऊन बसतो. हिला प्रतियोजन म्हणतात. दुसरींत रेणूंतील शेजारशेजारच्या जागांवरून दोन घटक निघून जातात आणि त्यांच्या जागीं बाहेरचें कोणीच येत नाहीं. हिला निरसन म्हणतात. या दोघी पुष्कळदां एकाच पात्रांत, एकाच वेळीं, एकमेकींशीं स्पर्धा करीत असतात. त्यांतली कोणती जिंकेल हें आधीं ओळखणें व हवी ती जिंकेल अशी तजवीज करणें, यांत रसायनज्ञाचें मोठें कौशल्य आहे.

उदाहरण आपल्या परिसरांतलेंच घेऊं. पुणें, सातारा, सोलापूर, कोल्हापूर या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांत उसाच्या रसांतून साखर काढून घेतल्यावर एक काळसर, दाट पाक मागें उरतो. त्यास मळी म्हणतात. मळींत राहिलेल्या साखरेचे दाणे पाडणें परवडत नाहीं. पण यीस्ट नांवाच्या सूक्ष्म जीवांना ती साखर चालते. त्यांनीं ती आंबविली म्हणजे मद्यार्क, अर्थात् एथिल अल्कोहोल, तयार होतो. पुण्याजवळ मांजरी येथें १९७५ सालीं स्थापन झालेल्या व आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेंत ऊंस, साखर व मद्यार्क या विषयांचें अध्यापन व संशोधन चालतें. मद्यार्काच्या एका रेणूंत दोन कर्ब, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन असे नऊ अणु असतात. या साध्या द्रवांत तीव्र गंधकाम्ल मिसळून मिश्रण तापविलें, तर काय निघेल? "किती तापविलें?" असा उलट प्रश्न विचारल्यावांचून या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, आणि हेंच या लेखाचें मर्म आहे.

उष्णतामान सुमारें १४० अंश सेंटिग्रेड ठेवून मद्यार्क थोडाथोडा घालीत राहिलें, तर पात्रांतून ईथर निघतें. तेंच उष्णतामान सुमारें १७० अंशांवर नेलें, तर एथिलीन नांवाचा वायु निघूं लागतो. द्रव्यें तींच, पात्र तेंच. फरक काय तो तीस अंशांचा. परंतु हातीं येणाऱ्या वस्तूंत केवढें अंतर! ईथर हा चटकन् उडून जाणारा द्रव, ज्याच्या वासानें माणसास भूल पडते. आणि एथिलीन हा रंगहीन वायु, ज्याच्या स्पर्शानें फळें पिकतात. हिशेब मांडून पाहिला तर फरकाचें कारणही दिसूं लागतें. ९२ ग्रॅम मद्यार्कापासून कागदोपत्रीं ७४ ग्रॅम ईथर व १८ ग्रॅम पाणी होतें. ४६ ग्रॅम मद्यार्कापासून २८ ग्रॅम एथिलीन व तितकेंच १८ ग्रॅम पाणी होतें. म्हणजे ईथर होतांना मद्यार्काचे दोन रेणु मिळून पाण्याचा एक रेणु सोडतात. एथिलीन होतांना मद्यार्काचा एकटाच रेणु पाण्याचा एक रेणु सोडतो. पहिली क्रिया प्रतियोजनाची, दुसरी निरसनाची. प्रत्यक्षांत मात्र हिशेबाइतकें कधींच हातीं येत नाहीं. कारण एक क्रिया चालू असतां दुसरीही थोडीफार चालतेच.

या दोन्ही वस्तु मनुष्यास त्यांचें रहस्य कळण्यापूर्वीं कितीतरी आधीं ठाऊक होत्या. मद्यार्क व गंधकाम्ल यांपासून ईथर करण्याची कृति व्हालेरियस कॉर्डस या जर्मन वैद्यानें १५४० च्या सुमारास वर्णिली. एथिलीनचें वर्णन चार डच रसायनज्ञांनीं १७९५ सालीं केलें. १६ ऑक्टोबर १८४६ या दिवशीं अमेरिकेंत बोस्टन येथील रुग्णालयांत विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथर हुंगवून भूल दिली व त्याच्या मानेवरील गांठीवर शस्त्रक्रिया झाली. तेव्हांपासून शस्त्रक्रियेच्या यातनांचें स्वरूपच पालटलें. तरी ईथर कसें होतें हें कोणास नीट सांगतां येत नव्हतें. गंधकाम्लास पाण्याची मोठी तहान; तें मद्यार्कांतलें पाणी ओढून घेतें व उरतें तें ईथर, अशी सरळ समजूत होती. १८५० सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील अलेक्झांडर विल्यमसन यानें ही समजूत अपुरी असल्याचें दाखविलें. त्यानें मद्यार्कापासून बनविलेला पोटॅशियमचा क्षार घेतला व त्यावर एथिल आयोडाइडची क्रिया घडविली. तेव्हां नेहमींचेंच ईथर मिळालें. आयोडाइड मेथिलचें घेतलें, तेव्हां एका बाजूस एथिल व दुसऱ्या बाजूस मेथिल असें मिश्र ईथर मिळालें. यावरून सिद्ध झालें कीं, ईथराचा रेणु दोन वेगळ्या अर्धांचा बनलेला असतो, व हे दोन अर्ध दोन निरनिराळ्या रेणूंतून येतात.

आतां ही किमया प्रत्यक्ष कशी घडते तें पाहूं. कर्बाच्या अणूस चार हात आहेत अशी कल्पना करावी. मद्यार्काच्या रेणूंत दोन कर्ब एकमेकांचा एकेक हात धरून उभे असतात. पहिल्याच्या उरलेल्या तीन हातांत तीन हायड्रोजन असतात. दुसऱ्याच्या दोन हातांत दोन हायड्रोजन व तिसऱ्या हातांत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी असते. एरवीं ही जोडी सहसा हात सोडीत नाहीं. परंतु गंधकाम्ल तिला आपल्याजवळचा एक हायड्रोजन देतें, व मग त्या जोडीचें रूप पाण्याच्या रेणूसारखें होतें. पाणी स्वतंत्रपणें सुखानें राहूं शकत असल्यामुळें तें निघून जाण्यास उत्सुक असतें. येथवर दोन्ही वाटा एकच आहेत. फांटा फुटतो तो यापुढें.

मद्यार्काचा दुसरा रेणु जवळ आला आणि त्याच्या ऑक्सिजननें त्या कर्बाचाच हात धरला, तर एका बाजूनें पाणी सुटतें व दुसऱ्या बाजूनें नवा जोडीदार जडतो. कर्बाच्या हातांची संख्या तीच राहते, केवळ धरलेली वस्तु बदलते. ईथर तयार होतें, आणि गंधकाम्लानें दिलेला हायड्रोजन त्यास परत मिळतो. म्हणून थोडें गंधकाम्ल पुष्कळ मद्यार्काचें ईथर करूं शकतें. उलटपक्षीं, जवळ आलेल्या रेणूनें कर्बास हात न घालतां शेजारच्या कर्बावरील एक हायड्रोजनच ओढून नेला, तर प्रकार निराळा होतो. एका कर्बाचा पाण्यास धरलेला हात मोकळा झाला, दुसऱ्याचा हायड्रोजनास धरलेला हात मोकळा झाला. मोकळा हात कर्बास सोसवत नाहीं. म्हणून मुली फुगडी खेळतांना जशा एकमेकींचे दोन्ही हात धरतात, तसे हे दोन कर्ब एकमेकांचे दोन्ही हात धरतात. यासच दुहेरी बंध म्हणतात. असा दुहेरी बंध असलेला, दोन कर्ब व चार हायड्रोजन यांचा रेणु तो एथिलीनचा.

तेव्हां भेद लक्षांत ठेवण्याची खूण सोपी आहे. येणारा घटक कर्बावर चालून गेला तर प्रतियोजन. शेजारच्या हायड्रोजनवर चालून गेला तर निरसन. आक्रमण करणारा घटक पुष्कळदां एकच असतो; तो कोणाचा हात धरतो यावर सर्व फळ अवलंबून असतें.

विल्यमसनच्या नंतर सुमारें ऐंशीं वर्षांनीं, त्याच लंडनच्या कॉलेजांत, ख्रिस्तोफर इंगोल्ड व एडवर्ड ह्यूज या दोघांनीं १९३० नंतरच्या दशकांत या क्रियांचा वेग मोजून त्यांचे चार प्रकार पाडले. बारावीच्या पुस्तकांत येणारीं एस-एन-१, एस-एन-२, ई-१, ई-२ हीं नांवें त्यांचींच. 'एस' हें प्रतियोजनाचें व 'ई' हें निरसनाचें आद्याक्षर. 'एन' हें अक्षर येणारा घटक कर्बाचें केंद्र शोधीत येतो हें सुचवितें. आंकडा सांगतो तो हा कीं, क्रियेच्या सर्वांत मंद पायरींत किती रेणु भाग घेतात. हा भेद वर्गांतील बांकाच्या दृष्टान्तानें सहज कळेल. एका विद्यार्थ्यापुरतीच जागा असलेल्या बांकावर नवा मुलगा एका बाजूनें रेटीत असतां जुना दुसऱ्या बाजूनें उठतो; येथें दोघांचाही संबंध एकाच क्षणीं येतो, हा एस-एन-२ चा प्रकार. जुना मुलगा आपण होऊन उठून गेला, बांक क्षणभर रिकामा राहिला, व मग जो जवळ होता तो येऊन बसला. हा एस-एन-१ चा प्रकार. पहिल्या प्रकारांत येणारा नेहमीं पाठीमागच्या बाजूनें येत असल्यामुळें कर्बाचे उरलेले तीन हात, पावसाळ्यांत वाऱ्यानें छत्री उलटावी तसे, उलट दिशेस वळतात. या उलटापालटीचा पहिला पुरावा पॉल वाल्डेन यानें १८९६ सालीं दिला. निरसनाचेही असेच दोन प्रकार आहेत: ई-२ मध्यें हायड्रोजन ओढला जाणें व दुसरा घटक सुटणें हें एकदमच घडतें, ई-१ मध्यें घटक आधीं सुटतो व हायड्रोजन मागाहून जातो.

मग एखाद्या प्रसंगीं कोणती वाट घेतली जाईल, हें कशावरून ओळखावें? त्यासाठीं चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: कर्बाभोवतीं गर्दी किती आहे? सणाच्या आदल्या दिवशीं मंडईंत शिरणाऱ्या माणसास दुकानापर्यंत पोंचणें कठीण जातें, पण कडेला उभ्या असलेल्या माणसाची पिशवी मात्र सहज हातास लागते. तसेंच येथें आहे. कर्बास दुसरे कर्ब जितके अधिक चिकटलेले, तितकें त्याच्यापर्यंत पोंचणें अवघड, आणि बाहेरच्या कडेचा हायड्रोजन ओढणें सोपें. मद्यार्कांत विरघळविलेल्या सोडियम एथॉक्साइडची क्रिया घडविली असतां साध्या एथिल ब्रोमाइडपासून शंभर भागांत सुमारें एकच भाग निरसन होतें, बाकीचें प्रतियोजन. मधल्या कर्बावर ब्रोमीन असलेल्या आयसोप्रोपिल ब्रोमाइडपासून निरसनाचें प्रमाण सुमारें ऐंशीं भागांवर जातें. तीन कर्बांनीं वेढलेल्या तृतीयक ब्यूटिल ब्रोमाइडपासून तें नव्वदांच्याही वर जातें.

दुसरा प्रश्न: येणारा घटक कोण आहे? आयोडाइड किंवा सायनाइड यांसारख्या घटकांस हायड्रोजनची हांव कमी, कर्बाची ओढ अधिक. ते बहुधा प्रतियोजन करतात. तीव्र व अंगानें अवजड असा अल्कली घटक, उदाहरणार्थ तृतीयक ब्यूटॉक्साइड, गर्दींत शिरूं शकत नाहीं. तो कडेचा हायड्रोजन घेऊन निरसन करतो.

तिसरा प्रश्न: क्रिया कोणत्या द्रवांत चालली आहे? पाण्यांतील पोटॅशनें प्रतियोजन व मद्यार्कांतील पोटॅशनें निरसन, असा नियम शालेय पुस्तकांत असतो. त्यांत तथ्य आहे. कारण मद्यार्कांत पोटॅशपासून एथॉक्साइड हा अधिक तीव्र अल्कली घटक तयार होतो. पण वर दिलेले आंकडे पुन्हा पाहावे. मद्यार्कांतील एथॉक्साइड असूनही एथिल ब्रोमाइड बहुतांशीं प्रतियोजनच करतें व ईथर देतें. यावरून हें ध्यानांत यावें कीं, तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्यावांचून अपुरें आहे. एकाच वाक्याचा नियम पाठ करणारा येथें फसतो. चारही प्रश्न विचारणारा फसत नाहीं.

चौथा प्रश्न: उष्णता किती? निरसनांत एका रेणूचे अधिक रेणु होतात व अधिक बंध तुटतात. म्हणून उष्णता वाढली कीं निरसनास अधिक बळ चढतें. तृतीयक ब्यूटिल क्लोराइड ऐंशीं टक्के मद्यार्क असलेल्या पाण्यांत नुसतें ठेविलें असतां २५ अंशांवर सुमारें १७ टक्के निरसन होतें. ६५ अंशांवर तेंच प्रमाण सुमारें ३६ टक्के होतें. १४० व १७० अंशांच्या मद्यार्काची कथा ही याच नियमाची कथा होय.

या चार प्रश्नांचें मोल कसें आहे तें एका उदाहरणावरून कळेल. समजा, एका बाजूस मेथिल व दुसऱ्या बाजूस तृतीयक ब्यूटिल असलेलें ईथर विल्यमसनच्या पद्धतीनें करावयाचें आहे. सोडियम मेथॉक्साइड व तृतीयक ब्यूटिल ब्रोमाइड घेतलें, तर कागदावर समीकरण बरोबर जुळतें. पण पात्रांत ईथराऐवजीं मुख्यतः आयसोब्यूटिलीन हा वायु तयार होऊन उडून जातो, कारण गर्दींतल्या कर्बापर्यंत मेथॉक्साइड पोंचतच नाहीं. जोडी उलट लावून सोडियम तृतीयक ब्यूटॉक्साइड व मेथिल आयोडाइड घेतलें कीं काम फत्ते होतें. मेथिलास शेजारी कर्बच नाहीं. तेव्हां ओढून नेण्यास शेजारचा हायड्रोजन येणार कोठून? दोन्ही मार्ग लिहिण्यास सारखेच सोपे. पण एकांत श्रम व द्रव्य यांचें सार्थक होतें, दुसऱ्यांत दोन्ही वायां जातात.

आतां एथिलीनकडे पुन्हा वळूं. कारण त्याचा आपल्या घराशीं निकटचा संबंध आहे. आंब्याची अढी घालतांना पेंढ्यांत एखादा पिकता आंबा ठेवावा म्हणजे बाकीचे लवकर पिकतात, हें कोंकणांतील व देशावरील गृहिणींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्याचें कारण असें कीं, पिकणारें फळ स्वतःच एथिलीन सोडतें. वनस्पतींवर या वायूचा परिणाम होतो हें रशियांतील दिमित्री नेल्यूबोव्ह यानें १९०१ सालीं दाखविलें. पिकणारीं सफरचंदें तोच वायु बाहेर टाकतात हें इंग्लंडमधील गेन यानें १९३४ सालीं सिद्ध केलें. मोठ्या बाजारपेठेंत मात्र अढीची वाट पाहणें व्यापाऱ्यास परवडत नाहीं, व तेथें लबाडीस वाव मिळतो. कॅल्शियम कार्बाइडची पुडी फळांत ठेविली कीं ओलाव्यानें ॲसिटिलीन वायु सुटतो व तो एथिलीनचें काम कांहीं अंशीं करतो. परंतु बाजारी कार्बाइडांत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असतात. म्हणून भारतांत फळें पिकविण्यास त्याचा उपयोग करण्यास कायद्यानें बंदी आहे. त्याऐवजीं बंद खोलींत दहा लक्ष भाग हवेस १०० भागांपर्यंत एथिलीन वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालीं मोकळीक दिली. अशा कांहीं खोल्यांत एक लहानसें यंत्र असतें. त्यांत मद्यार्क ओततात, त्याची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून जाते, पाणी सुटतें व एथिलीन खोलींत पसरतें. म्हणजे प्रयोगशाळेंतील निरसनाची तीच क्रिया, गंधकाम्लावांचून, फळांच्या वखारींत चाललेली असते.

या दोन्ही युक्त्या एकमेकींच्या वैरिणीच असतात असेंही नाहीं. पुण्यांत पाषाण येथें १९५० सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें एन्सिलाइट नांवाचे सच्छिद्र उत्प्रेरक तयार केले. त्यांच्या साहाय्यानें मद्यार्क व बेंझीन यांपासून सरळ एथिलबेंझीन करण्याची 'आल्बेन' ही पद्धति निघाली. तींत मद्यार्कांतून पाणी निघून जातें, व त्याचे दोन कर्ब बेंझीनवरील एका हायड्रोजनच्या जागीं जाऊन बसतात. एथिलबेंझीनपासून पुढें स्टायरीन व त्यापासून प्लॅस्टिक होतें. उसाच्या मळीपासून प्लॅस्टिकच्या पेल्यापर्यंतचा हा प्रवास याच मोजक्या युक्त्यांच्या पायऱ्यांनीं होतो.

विद्यार्थिमित्रांनो, समीकरण पाठ करण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु बाणाच्या डोक्यावर लिहिलेलें उष्णतामान व द्रावक हीं केवळ सजावट समजूं नका. डाव्या बाजूस तीच द्रव्यें असतां उजवी बाजू त्यांवरूनच ठरते. ईथराची बाष्पें हवेहून जड असल्यामुळें मेजावरून सरपटत दूरच्या ज्योतीपर्यंत जातात व पेट घेतात. यास्तव हे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीवांचून कोणींही करूं नयेत. आणि पालकांनीं आंबे घेतांना विक्रेत्यास ते कशानें पिकविले हें अवश्य विचारावें. त्या एका प्रश्नानें आपल्या मुलांच्या आरोग्याचें रक्षण होईल, व घरीं आल्यावर त्यांच्याशीं रसायनशास्त्रावर दोन शब्द बोलण्यास निमित्तही मिळेल.